बाबा आला, बाबा आले, बाबा आली

ही तीन वाक्यं पाहा. 'बाबा आला.' 'बाबा आले.' 'बाबा आली.'

पहिल्या वाक्यातला बाबा कोण, हे संदर्भाशिवाय सांगता येत नाही. गावात उतरलेला कुणी कफनीवाला असेल, आत्याच्या कडेवर बसून आलेलं दोन वर्षांचं पोर असेल, किंवा वडिलांना अरे-तुरे करणाऱ्या आजच्या घरातला बाप असेल. दुसऱ्या वाक्यात बहुधा वडीलच आहेत आणि घर जरा जुन्या वळणाचं आहे. तिसरं वाक्य मात्र मराठी वाचकाला चुकलेलं वाटतं. मुद्रणदोष असावा असं समजून डोळा पुढे सरकतो. पण रशियन लोककथा मराठीत आणणाऱ्याला नेमकं हेच वाक्य लिहावं लागतं, कारण कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहणारी बाबा यागा ही बाई आहे. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई. त्यातही खेडवळ, बहुतेकदा म्हातारी, आणि जिला फारसा मान द्यायची गरज नाही अशी बाई.

दोन अक्षरांचा, खरं तर एकाच अक्षराचा दोनदा उच्चारलेला हा शब्द. जगभर सापडतो आणि जागोजागी वेगळा अर्थ घेऊन बसतो. अशा शब्दांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक वेळा दोन टोकांना असतं. एक तर 'बघा, सगळ्या भाषा एकच', नाहीतर 'गंमत आहे, योगायोग आहे'. माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही उत्तरांत खरा प्रश्न हातातून सुटतो. आवाज सारखा का, याचं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. अर्थ वेगळा का, हे विचारायला हवं. कारण तिथे प्रत्येक भाषेतलं घर दिसतं. त्या घरात कोण मोठं, कोण लहान, कुणाला अहो आणि कुणाला अगं, हे त्या दोन अक्षरांत साठलेलं असतं.

यादी आणि तिचा मोह

आधी यादीच करू. तुर्कीत बाबा म्हणजे बाप. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत बाप. टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे यांना 'बाबा वा ताइफा', म्हणजे राष्ट्रपिता, म्हणतात. चिनी भाषेतही बापच, पण पहिलं अक्षर उतरत्या सुरात म्हणायला हवं. तेच खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटलं तर लहान मुलांच्या बोलीत त्याचा अर्थ 'शी' होतो. जपानीत बाबा म्हणजे म्हातारी, आणि एखाद्या बाईला तोंडावर तसं म्हणणं ही शिवी. हिंदी पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी बाबा म्हणजे आजोबा. रशियनमध्ये बाई.

तुर्की, स्वाहिली आणि चिनी या तीन वेगळ्या भाषाकुळांतल्या भाषा, आणि त्यांचं एकमत आहे. रशियन आणि मराठी मात्र एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे लांबच्या का होईना पण चुलत बहिणी, आणि त्या बापावर आणि बाईवर भांडताहेत. कुळाचा नकाशा हातात घेऊन या शब्दामागे गेलं तर रस्ता चुकणार, हे इथेच कळतं.

तरीही लोक नकाशा घेऊन जातातच. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' पाहिली आणि ख्रिश्चॅनिटीत 'कृष्णनीती' ऐकली. त्यांचा वाचकवर्ग मोठा होता आणि आजही त्यांचा वारसा मोबाइलवरच्या संदेशांतून रोज सकाळी घरपोच येतो. ही खोड आपल्याच मातीची आहे असं समजायचं कारण नाही. १९३० च्या दशकात तुर्कस्तानात सरकारी आशीर्वादाने 'सूर्य-भाषा सिद्धांत' मांडला गेला. त्यानुसार आदिमानवाने सूर्याकडे पाहून पहिला उद्गार काढला, आणि त्या उद्गारातून निघालेली तुर्की ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी ठरली. ज्या राष्ट्राला आपण मागे पडलो असं वाटतं, त्याला आपली भाषा सर्वांत आधीची होती हे ऐकायला आवडतं. यात भाषेपेक्षा दुखावलेपण जास्त आहे, आणि त्याची टिंगल करण्यापेक्षा ते ओळखणं बरं.

भाषाशास्त्राची कसोटी साधी आहे, पण कडक आहे. दोन शब्द सारखे ऐकू येणं हा पुरावा नव्हे. फरक नियमाने होत असेल तर तो पुरावा. संस्कृतात 'पितृ', लॅटिनमध्ये 'पाटेर', इंग्रजीत 'फादर'. संस्कृतात 'पाद', इंग्रजीत 'फूट'. जिथे इकडे प, तिथे तिकडे फ. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. म्हणून पितृ आणि फादर हे भाऊ, जरी तोंडावळा फारसा जुळत नसला तरी. याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम या आदिवासी भाषेची गोष्ट आहे. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात तिचे शब्द टिपत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारलं तर उत्तर आलं 'डॉग'. इंग्रजीतून उचललेला शब्द असेल असंच कुणालाही वाटेल. पण तो आसपासच्या भाषांतल्या 'गुडागा'सारख्या शब्दाचं पहिलं अक्षर गळून आणि स्वर बदलून, त्या भाषेच्या स्वतःच्या नियमांनी तयार झालेला होता. इंग्रजी डॉगशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दिसायला जुळे, पण नातं शून्य.

ओठ आणि ऐकणारे

मग बाबा हाही म्बाबरामच्या कुत्र्यासारखा योगायोगच का? नाही. एक-दोन भाषांत जुळलं तर योगायोग म्हणता येईल, शेकडो भाषांत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात जगभरच्या भाषांतून आई-बापांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले. ५३१ आईचे, ५४१ बापाचे. त्या सामग्रीवर रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये एक निबंध सादर केला. मामा आणि पापा हेच शब्द का, एवढाच त्याचा प्रश्न. आकडे बोलके होते. आईच्या शब्दांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिकं होती. बापाच्या शब्दांत अवघ्या १५ टक्क्यांत.

याकोबसनांचं स्पष्टीकरण थोडक्यात असं. पोराला सर्वांत आधी ओठ जमतात. ओठ मिटले आणि उघडले की प, ब, म. त्याच्या मागे सर्वांत मोकळा स्वर, आ. आणि एकदा जमलं की तेच पुन्हा, कारण पुन्हा म्हटल्यावर तो नुसता आवाज राहत नाही, म्हटल्यासारखं होतं. तोंडात दूध असताना नाकातून जो हुंकार निघतो तो 'म'कडे झुकतो, म्हणून 'म' दूध देणारीकडे जातो. उरलेले 'प' आणि 'ब' घरातल्या दुसऱ्या माणसाकडे.

हे वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. पोर 'बाबा' म्हणतं तेव्हा त्याला बाप म्हणायचं नसतं. ते ओठांशी खेळत असतं. 'मला हाक मारली!' असं म्हणून वळतो तो मोठा माणूस. अर्थ लावणारा तोच. म्हणजे आवाज पोराचा आणि अर्थ घराचा. बाबा हा शब्द एका मूळ भाषेतून जगभर पसरला नाही. तो प्रत्येक पाळण्यात नव्याने जन्मतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर हक्क सांगायला कुणीतरी उभं असतं. आपला 'बाबा' फारसीतून आला असं सांगता येतं, घरातच तयार झाला असंही सांगता येतं. अशा शब्दाबाबत दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण आलेल्या शब्दाला पाळण्यातून रोज दुजोरा मिळत असतो.

मला याकोबसनांच्या ५५ टक्क्यांपेक्षा ते १५ टक्के जास्त बोलके वाटतात. कारण तिथे हक्क दुसऱ्याने सांगितलेला असतो. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. आपला मामा आईचा भाऊ, त्यांचा मामा खुद्द बाप. जपानीत आईला 'हाहा' म्हणतात, ज्यात ओठ मिटतच नाहीत. पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक जपानी उखाणा आहे. त्याचा आशय असा की आईसाठी ते दोनदा भेटतात, बापासाठी एकदाही नाही. उत्तर, ओठ. आजच्या उच्चाराने हा उखाणा सुटत नाही. तो सुटतो तो त्या काळी 'हाहा'चा उच्चार ओठ जवळ आणून केलेल्या 'फाफा'सारखा होता असं धरलं तरच. त्याआधी, अभ्यासक सांगतात, तिथे 'प' होता. म्हणजे जुन्या जपानमध्ये आईचं नाव जवळजवळ 'पापा' होतं! एका उखाण्यावरून शेकडो वर्षांपूर्वीचे ओठ दिसावेत, याहून सुंदर पुरावा भाषाशास्त्रात क्वचित सापडतो.

पाळण्यानंतर

पण याकोबसन पाळण्यापाशी थांबतात. त्यांच्या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं, आपल्याला नाही. कारण शब्द पाळण्यात राहत नाही. तो मोठा होतो, अंगणात जातो, बाजारात जातो, देवळात जातो आणि जाताना बरंच काही अंगाला लावून घेतो.

तुर्कीत बाबा घरातून मठात गेला. बेक्ताशी या सूफी पंथात मठाच्या प्रमुखाला 'बाबा' म्हणतात. तिथून तो गुंडांच्या टोळीतही गेला. 'गॉडफादर' या चित्रपटाचं तुर्की नाव नुसतं 'बाबा' असं आहे. बाप, साधू आणि टोळीचा म्होरक्या, तिघांत समान काय? ज्याचं ऐकायचं तो. आपल्याकडे 'बाबावाक्यं प्रमाणम्' म्हणताना हाच धागा पकडलेला असतो, फक्त थोडा चिमटा काढून. गाडगेबाबा, साईबाबा, शिवाय बुवाबाजीच्या बातम्यांतले सगळे अनाम बाबा, या साऱ्यांना घरातल्या बापाचं वजन उसनं मिळालेलं असतं. भोंदू बाबाला भक्त प्रश्न विचारत नाहीत याला अंधश्रद्धा हे एक कारण आहेच. पण त्याला जो शब्द लावला आहे तोच मुळी प्रश्न न विचारण्याचा आहे, हेही आहे.

रशियात तोच आवाज दुसऱ्या जिन्याने गेला. तिथे तो आजीपाशी थांबला. 'बाबुश्का' हे त्याचं लाडाचं रूप. लाड काढून घेतला की उरते 'बाबा': कष्टाची, अडाणी, बडबडी समजली जाणारी बाई. भित्र्या पुरुषाला रशियनमध्ये 'बाबा' म्हणून हिणवतात, जसं आपल्याकडे 'बायल्या' म्हणतात. बर्फाच्या बाहुल्याचं एक नाव 'स्नेझ्नया बाबा', बर्फाची बाई. एकाच आवाजाने तुर्कीत अधिकार मिळवला आणि रशियनमध्ये गमावला. यात ओठांचा दोष नाही. पहिल्या घरात पोराची हाक ऐकून बाप वळला, दुसऱ्या घरात आजी. पुढे समाजात बापाची आणि म्हातारीची जी किंमत होती, ती शब्दाला चिकटली.

आणि मग गंमत अशी की हे दोन बाबा एके ठिकाणी समोरासमोर येतात. युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांत दगडी पुतळे उभे आहेत. त्यांतले बरेच अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या तुर्कीभाषक भटक्या टोळ्यांनी उभारलेले. रशियनमध्ये त्यांना 'कामेन्नया बाबा' म्हणतात, दगडी बाई. त्यांत स्त्रियांचे पुतळे पुष्कळ आहेत, पण शिरस्त्राण घातलेले योद्धेही आहेत. मग मिशीवाल्या योद्ध्याला बाई का म्हणायचं? काही अभ्यासकांच्या मते हा शब्द मुळात तुर्की कुळातल्या 'बाबा'चा, म्हणजे पूर्वजाचा, बापाचा आहे; नंतर आलेल्या स्लाव कानांनी तो आपल्या 'बाबा'त ओढला. हे खरं असेल तर ते पुतळे शतकानुशतकं तसेच उभे आहेत आणि शब्दही तसाच आहे. बदलला तो ऐकणारा, आणि पूर्वजाची बाई झाली.

बाबागाडीत कोण बसतं?

इथवर बाबा कुणीतरी वयाने मोठं होतं, पुरुष असो वा बाई. पण मराठीत 'बाबागाडी' असा एक शब्द आहे, आणि त्या गाडीत बाप बसत नाही. बाप ती ढकलतो.

पोरालाही बाबा म्हणण्याची ही रीत आपल्या एकट्यांची नाही. बंगालीत बाप मुलाला 'बाबा' म्हणतो आणि मुलीला 'मा'. अनेक अरबी घरांत बाप पोराला 'बाबा' अशी हाक मारतो, आई त्याच पोराला 'मामा' म्हणते. पोराने मला जे म्हणायचं, तेच मी त्याला म्हणायचं. हाक आरशात पाहिल्यासारखी उलटून येते. इंग्रजांच्या बंगल्यांवर नोकर साहेबांच्या मुलांना 'बाबा लोग' म्हणत, आणि यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे. मुरलीधर देविदास आमटे यांचं 'बाबा' हे नाव ते संत मानले गेले म्हणून पडलेलं नाही. लहानपणी आईवडील त्यांना बाबा म्हणत, म्हणून पडलेलं आहे. आनंदवनात येणाऱ्या कितीतरी लोकांनी त्या नावात साधुत्व ऐकलं असेल. हाक होती पाळण्यातली.

योरुबा भाषेत हीच उलटापालट नावातच गोठवली आहे. आजोबा गेल्यानंतर घरात मुलगा जन्मला तर त्याचं नाव 'बाबातुंडे' ठेवतात. अर्थ, बाप परत आला. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात, आणि मग सुनेला सासऱ्याचं नाव उच्चारता येत नाही म्हणून त्याच पोराला 'बाबा', 'अप्पा', 'नाना' अशा टोपणनावाने हाक मारतात. नायजेरिया आणि महाराष्ट्र यांच्यात इथे काही देवाणघेवाण झालेली नाही. मेलेला म्हातारा आणि नवं पोर यांना एकाच हाकेत बांधायची गरज दोन्ही घरांना पडली, आणि दोन्ही घरांत हाताशी तीच दोन अक्षरं होती.

म्हणून 'बाबापुता करून' कामाला लावणं या वाक्प्रचारात बाबा नेमका कोण, पोर की बाप, हे विचारू नये. गोंजारताना मराठी माणूस समोरच्याला एकाच वेळी मोठाही करतो आणि लहानही. 'अरे बाबा, ऐक ना' यातल्या बाबाला वय नाही. 'नको रे बाबा' यात तर समोर कुणी असायचीही गरज नाही.

अहो बाबा, ए बाबा

आपल्याच साहित्यात डोकावलं तर कळतं की बाप म्हणजे बाबा हे समीकरण मराठीतही सगळीकडे पक्कं नव्हतं. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्याम वडिलांना 'भाऊ' म्हणतो. एकत्र कुटुंबात हे सर्रास होतं. धाकटी भावंडं ज्याला भाऊ किंवा दादा म्हणत, त्याला त्याची मुलंही तेच म्हणत. आई कुणाची 'वहिनी' असे, कुणाची 'अक्का'. पोराची हाक पोराची नसे. ती घराच्या बैठकीतून उचललेली असे. या एका 'भाऊ'मध्ये त्या घराची रचना आहे. बाप आधी कुणाचा तरी थोरला भाऊ आहे, मग तुझा बाप. परभाषेतल्या वाचकाला हे तळटीपेशिवाय कळायचं नाही, आणि तळटीप दिली की त्यातला सहजपणा जातो.

नरेंद्र जाधवांच्या १९९३ च्या आत्मकथनाचं नाव आहे 'आमचा बाप आन् आम्ही'. मध्यमवर्गीय शहरी कानाला 'बाप' हा शब्द खडबडीत वाटतो; तिथे बाप काढला जातो, हाक मारताना बाबा लागतो. पण हेच शीर्षक 'आमचे बाबा आणि आम्ही' असं करून पाहा, पुस्तक तिथल्या तिथे वाळून जातं. 'आमचा' या एकवचनात अनादर नाही. तो आदर अनेकवचनाच्या टेकूवर उभा नाही, इतकंच. वारकरी परंपरेत विठ्ठलाला मायबाप म्हणताना, ज्ञानेश्वरांच्या अभंगांतल्या नाममुद्रेत 'बाप' येताना, हाच शब्द आहे. इंग्रजीत हे पुस्तक 'आउटकास्ट' आणि पुढे 'अनटचेबल्स' या नावांनी गेलं. त्या बाजारात ती नावं चालली असतील. पण मूळ शीर्षकात एका माणसाशी असलेलं नातं होतं, इंग्रजी शीर्षकात फक्त एका व्यवस्थेतली जागा उरली. बाप गळाला. दोन अक्षरांच्या शब्दाचं भाषांतर टाळलं की काय जातं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणि आता आपल्या डोळ्यांसमोर आणखी एक बदल चालू आहे. आईला मराठी पोर कायम 'ए आई, तू' म्हणत आलं. वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही'. गेल्या पिढी-दीड पिढीत शहरी घरांतून 'ए बाबा, तू' रुळलं. शब्द तोच, उच्चार तोच, कोशातला अर्थही तोच. बदललं ते क्रियापद. 'बाबा आले'चं 'बाबा आला' झालं, आणि त्या एका प्रत्ययात घरातला अधिकार दोन पायऱ्या खाली उतरला, किंवा माया दोन पायऱ्या वर चढली. ज्याचं त्याने ठरवावं. भाषाकुळांचा नकाशा हा बदल टिपू शकत नाही. कथा-कादंबरीतला संवाद टिपू शकतो, आणि त्यात 'आले' की 'आला' हे लेखकाने कानाने लिहिलं आहे की सवयीने, हे समीक्षकाने तपासायला हवं.

भाषांतरकाराची पंचाईत

आता तिसऱ्या वाक्याकडे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांच्या स्वस्त, देखण्या मराठी पुस्तकांमुळे रशियन कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत आल्या. अलेक्सांद्र अफनास्येव्ह यांनी १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहात वासिलिसा नावाच्या मुलीची कथा आहे. सावत्र आईच्या घरातली ही मुलगी विस्तव आणायला बाबा यागाकडे पाठवली जाते. यागा उखळात बसून येते, मुसळाने ते हाकते, माणसं खाते. पण वासिलिसा तिला 'आजी' म्हणते, सांगितलेली कामं करते, आणि शेवटी जळत्या डोळ्यांची कवटी घेऊन घरी परतते.

या यागाला मराठीत काय म्हणायचं? 'चेटकीण' म्हटलं तर तिचं खाणं उरतं, पण देणं जातं. कारण विस्तव शेवटी तीच देते. 'यागा आजी' म्हटलं तर दात जातात. 'म्हातारी' अर्थाने सर्वांत जवळ. लेकीकडून भोपळ्यात बसून जंगलातून परतणारी आपली म्हातारीही अशीच, कुणाची आजी म्हणून नव्हे तर नुसती म्हातारी म्हणून कथेत येते. पण 'म्हातारी यागा'त ते नाव राहत नाही. उरलं 'बाबा यागा', आणि तिथे मराठी वाचकाच्या मनात दाढीवाला उभा राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. 'बाबा यागा'च लिहावं, आणि पहिल्याच वाक्यात 'आली' लिहावं. मराठी क्रियापदाला लिंग आहे. इंग्रजीला ही सोय नाही. 'तेवढ्यात बाबा यागा आली' हे वाक्य वाचकाला क्षणभर अडखळायला लावतं, आणि त्या ठेचेतच त्याला कळतं की आपल्या घराबाहेर दुसरी घरं आहेत, जिथे ही हाक ऐकून दुसरंच माणूस वळतं. भाषांतर इतकं गुळगुळीत का करायचं की परका शब्द परका आहे हेच कळू नये?

पण हीच ठेच प्रत्येक ठिकाणी चालत नाही. कीव्ह शहराच्या कडेला 'बाबी यार' नावाची जागा आहे. 'यार' म्हणजे घळ, 'बाबी' म्हणजे म्हातारीची. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत जर्मन पथकांनी तिथे ३३,७७१ ज्यू माणसांना गोळ्या घातल्या. येव्तुशेन्को यांची १९६१ ची कविता, शोस्ताकोविच यांची १९६२ ची तेरावी सिंफनी, कुझ्नेत्सोव्ह यांची १९६६ ची दस्तावेजी कादंबरी या सगळ्यांशी हे नाव जोडलेलं आहे. मराठी कानाला मात्र त्यात 'बाबा' आणि 'यार' ऐकू येतात, म्हणजे घरचा माणूस आणि दोस्त. असा आपलेपणा या नावाला शोभत नाही. इथे वाचकाला अडखळू देणं म्हणजे त्याला नकळत हसू देणं. म्हणून इथे पहिल्या उल्लेखातच अर्थ द्यायला हवा: बाबी यार, म्हातारीची घळ. मग तो शब्द पुन्हा जड होतो, जेवढा असायला हवा तेवढा.

दोन उदाहरणांना दोन वेगळे नियम लावले, असं कुणी म्हणेल. लावले खरे. सारख्या आवाजाला सगळीकडे सारखंच वागवणं हाच तर ओकांचा नियम होता. शब्द कुठे उभा आहे, कोण हाक मारतंय आणि कोण वळून बघतंय, हे पाहून ठरवावं लागतं. कोश त्यात फार मदत करत नाही.

तेव्हा मुद्रितशोधकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी एखाद्या भाषांतरात 'बाबा आली' असं दिसलं, तर लाल पेन्सिल उचलण्याआधी ती कुठून आली ते एकदा विचारा. आणि मग त्या 'आली'ला हात लावू नका.